हवाई मोहिमेमागील मनुष्यबळ
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले भाषण)



विमानदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक उभा राहतो. परंतु हवाई मोहीम तडीस जाते ती गोदामे, दुरुस्तीशाळा, हमाल आणि वेळापत्रक यांच्या बळावर. १९४८-४९ मधील बर्लिनची हवाई वाहतूक हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व जलमार्ग रोखले. वीस लाखांहून अधिक नागरिकांसाठी उरले ते वीस मैल रुंदीचे तीन हवाई मार्ग. रोजची गरज किमान साडेचार हजार टनांची आणि डाकोटा विमानात मावे जेमतेम तीन टन माल. म्हणून सुमारे दहा टन वाहून नेणारी स्कायमास्टर विमाने दूरदूरच्या तळांवरून मागविण्यात आली.

जुलैअखेर जनरल विल्यम टनर यांनी अमेरिकन वाहतुकीची सूत्रे हाती घेतली. आसामातील तळांवरून हिमालयापलीकडे चीनला रसद पोचविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १३ ऑगस्ट रोजी खराब हवेत बर्लिनवर विमानांची कोंडी झाली. तेव्हा त्यांनी दंडक घातला, की पहिल्या प्रयत्नात उतरता न आल्यास विमानाने मालासह परतावे. जाण्याचे व परतीचे मार्गही वेगळे ठरले. ऑक्टोबरात अमेरिकन व ब्रिटिश दले एका संयुक्त कृतिदलाखाली आली.

माल उतरत असता वैमानिकांनी विमानापासून दूर जाऊ नये, असा नियम झाला. हवामानाची माहिती व फराळाची गाडी त्यांच्यापाशीच येऊ लागली. यंत्रज्ञ अपुरे पडताच जर्मन कारागीर नेमले गेले आणि त्यांच्यासाठी तांत्रिक पुस्तिका जर्मन भाषेत उतरविण्यात आल्या. कालच्या शत्रूच्या हाती विमानाची दुरुस्ती सोपविण्याचा हा निर्णय सोपा नव्हता. तेगेल येथील नवा विमानतळ बर्लिनकरांनी, त्यांत मोठ्या संख्येने असलेल्या स्त्रियांनी, सुमारे तीन महिन्यांत उभा केला.

१६ एप्रिल १९४९ रोजी संपलेल्या चोवीस तासांत जवळजवळ तेरा हजार टन माल उतरला. १२ मे रोजी नाकेबंदी उठली, तरी साठा पुरेसा व्हावा म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत उड्डाणे चालू राहिली. एकूण सुमारे तेवीस लाख टन माल गेला, त्यात दोनतृतीयांश कोळसाच होता.

या यशाला दुसरी बाजूही आहे. अपघातांत सुमारे शंभर माणसे दगावली. थोड्या महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या अनेकांचा मुक्काम वाढत गेला; कुटुंबापासूनचा दुरावा व अपुरी झोप त्यांना सोसावी लागली. विमानांच्या तपासणीचे तास ठरलेले होते, माणसांच्या विश्रांतीचा हिशेब मात्र तितका चोख नव्हता.

महापूर असो वा टंचाई, मदतकार्याची योजना आखताना आपण धान्याचा आकडा प्रथम मांडतो. तो माल उतरवून कोण घेणार आणि दमलेल्या माणसाची पाळी कोण सांभाळणार, हे दोन रकानेही त्याच कागदावर भरले जावेत, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.