ताटाची चौकशी

मन खचले की अन्नावरची वासना उडते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण अन्न बिघडले की मनही बिघडते का? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांची वजने घटली, आणि त्याबरोबर बरेच जण खिन्न, चिडखोर, एकलकोंडे झाले. पण पोट भरते आणि तरी आहार निकस, अशांचे काय? ऑस्ट्रेलियात संशोधक फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध केली. बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन चालूच होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांची सवय लावली. उरलेल्यांना तेवढ्याच वेळा गप्पांची सोबत मिळाली. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातले ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ८ टक्के.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. ही चाचणी लहान होती, शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होते. युरोपात हजारावर स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोषक द्रव्यांच्या गोळ्यांनी नैराश्य टळले नाही, आहाराच्या समुपदेशनानेही नाही. म्हणून औषध बंद करून नुसत्या पथ्यावर विसंबणे धोक्याचे. आहार हा उपचाराचा जोडीदार आहे, त्याची जागा घेणारा नव्हे.

जोडीदार म्हणून मात्र त्याची चौकशी व्हायलाच हवी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता थकवा, विसराळूपणा, उदासी आणू शकते. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते, भाजीपाल्यातून जवळजवळ नाहीच. ही उणीव आपल्याकडे किती पसरली आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे. ती साध्या रक्ततपासणीत सापडते. चांगला आहार परवडत नाही म्हणावे, तर भाकरी, मटकीची उसळ आणि ताक यांना महागडे जिन्नस लागत नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे: खचलेल्या माणसाला चूल पेटवण्याचेही बळ नसते. त्याला पथ्याची यादी दिली, तर ती आणखी एका अपयशाची यादी ठरते. तेव्हा समुपदेशकाने ‘काय खाता?’ एवढेच विचारून थांबू नये. घरात रांधते कोण आणि जेवताना सोबत कोण असते, हेही विचारावे.