शस्त्रक्रियेस मिळालेला नकार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा गौरव करावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, असा शिरस्ता आहे. गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केला, व तो सर्वथैव योग्य आहे. मी मात्र आपल्या वैद्यकीय साहाय्याच्या एका नियमाविषयी बोलणार आहे. हा नियम ज्यांनी केला त्यांत मीही होतो, म्हणून त्यातील चूक माझ्या तोंडून आलेली बरी.

नियम असा: शस्त्रक्रियेसाठी मदत द्यावी, नित्याच्या औषधांसाठी देऊ नये, आणि मंजुरीपत्राची मुदत तीन महिन्यांची असावी. शस्त्रक्रिया म्हणजे मोठा खर्च व मोठे संकट, गोळी म्हणजे किरकोळ बाब, असा आमचा हिशेब होता.

आपल्या इंदुरातलीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी एक भगिनी आपल्या यजमानांसह माझ्याकडे आल्या. वय चौतिशीचे. गळा पुढून फुगलेला, डोळे किंचित बाहेर आलेले, हाताला कंप, भूक चांगली असून वजन उतरत चाललेले, आणि नाडी मिनिटाला एकशे वीस. हातात आपल्या न्यासाचे मंजुरीपत्र होते: गळ्याच्या शस्त्रक्रियेकरिता. पत्र घेऊन त्या रुग्णालयात गेल्या, तर तेथील शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया करण्याचे नाकारले. महिनाभराने पुन्हा गेल्या, पुन्हा नकार. गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या होत्या, पण ऑपरेशनच व्हायचे आहे तर गोळ्या कशाला, म्हणून त्यांनी त्या सुरूच केल्या नव्हत्या.

बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “डॉक्टरकाका, आम्ही धर्मादाय पैशांवर आलो म्हणून आम्हांला परत पाठवतात. पत्राची मुदत संपत आली. जो आत्ता करील असा दुसरा डॉक्टर तुम्ही पाहून द्या.”

असा डॉक्टर कदाचित मिळालाही असता. भीती त्याचीच होती.

हा नकार समजून घ्यायचा तर ग्रंथी समजून घेतली पाहिजे. गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे, फुलपाखरासारखी दिसणारी थायरॉइड नावाची ग्रंथी असते. अन्नातील आयोडीन घेऊन ती जो रस रक्तात सोडते, त्यावर शरीराच्या चुलीचा जाळ अवलंबून असतो. रस कमी पडला की माणूस थंड, सुस्त व जड होतो. जास्त झाला की आतल्या आत जळू लागतो. या बाईंचा जाळ भडकलेला होता. अशा अवस्थेत भूल देऊन ग्रंथीला सुरी लावली, तर ताप, अतिवेगवान नाडी, भ्रम आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. यालाच डॉक्टरलोक थायरॉइडचे वादळ म्हणतात. म्हणून आधी गोळ्यांनी जाळ मंद करायचा, रक्ततपासणीने खात्री करायची, आणि मगच टेबलावर घ्यायचे. याला कित्येक आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. म्हणजे शल्यचिकित्सकांचा नकार हा तिरस्कार नव्हता. ती त्यांची जबाबदारी होती. उलट आमचे तीन महिन्यांचे पत्र त्या बाईंना घाईकडे ढकलीत होते.

सुरी थांबविण्याचे महत्त्व ज्याने जगाला शिकविले, तो स्वतः या शस्त्रक्रियेतील अग्रणी होता. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी गलगंडाची शस्त्रक्रिया इतकी निर्धोक केली की, 1909 साली त्यांना थायरॉइडवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याआधी, 1874 साली त्यांनी एका लहान मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. जखम उत्तम भरली; मुलगी मात्र मंद होत गेली, तिची वाढ खुंटली. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि 1883 साली जाहीरपणे सांगितले की, संपूर्ण ग्रंथी काढल्याने माणसाचा असा ऱ्हास होतो. साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी पुढे सोडून दिले. आपल्या यशातील अपयश शोधण्यास मोठे मन लागते.

त्या ऱ्हासावर उपायही लौकरच सापडला. 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला बरे केले, व ती पुढे 28 वर्षे जगली. 1914 साली अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि 1927 साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. रस वाढलेल्यांसाठी गोळ्या आल्या त्या 1940 नंतरच्या दशकात. किरणोत्सर्गी आयोडीनही त्याच दशकातले.

यामुळे आज रुग्णापुढे निवड असते. जाळ भडकला असेल तर तीन वाटा. पहिली कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांची, बहुधा बारा ते अठरा महिने. ग्रंथी शाबूत राहते, पण गोळ्या थांबविल्यावर जवळजवळ निम्म्या रुग्णांत रोग उलटतो. दुसरी किरणोत्सर्गी आयोडीनची. तीत चिरफाड नाही, पण गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ती वर्ज्य, आणि डोळ्यांचा विकार बळावलेला असल्यास जपून. तिसरी शस्त्रक्रियेची. तीत निकाल लौकर लागतो, पण आवाजाच्या नसेला व कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या लहान ग्रंथींना धोका असतो. आणि संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिन जन्मभर घ्यावे लागते. तेव्हा “ऑपरेशन केले की गोळ्या सुटल्या” ही समजूत प्रत्येकाने मनातून काढून टाकावी.

कार्बिमाझोल घेणाऱ्याने एक गोष्ट गाठीस बांधावी. ताप व घसादुखी एकदम सुरू झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. क्वचित हे औषध त्या पेशी धोकादायक रीतीने कमी करते. दिवस राहिल्याची नुसती शंका आली तरी डॉक्टरांना तत्काळ सांगावे. आरंभीच्या महिन्यांत औषध बदलण्याची गरज पडू शकते.

ज्यांचा रस कमी आहे त्यांची कथा निराळी. त्यांतले काही गळ्याची सूज पाहून शस्त्रक्रियेचा हट्ट धरतात. सूज लहान असेल, सुईने घेतलेल्या नमुन्यात वाईट काही नसेल, श्वासाला व गिळायला अडथळा नसेल, तर ती कापून उणा पडलेला रस वाढत नाही. असतो तोही जातो. येथे नकारच हिताचा. अशांना थायरॉक्सिनची गोळी पुरते. ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा अर्धा ते एक तास थांबवावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. मेंढी-डुकरांच्या ग्रंथींची भुकटी, किंवा टी-थ्री नावाचा जलद रस, यांची चौकशी हल्ली बरेच जण करतात. शरीर थायरॉक्सिनपासून स्वतःच टी-थ्री बनवून घेते. म्हणून बहुतेकांना साधी गोळीच योग्य. ती घेऊनही बरे वाटत नसेल, तर परस्पर औषध न बदलता डॉक्टरांशी बोलावे.

तथापि प्रत्येक नकारापुढे मान तुकवावी, असे मी म्हणत नाही. गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल, आडवे पडल्यावर श्वास कोंडत असेल, किंवा नमुन्यात कर्करोगाची शंका असेल, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि दुसऱ्या तज्ज्ञास दाखवावे. “आत्ता नको” आणि “कधीच नको” यांत फार अंतर आहे. आपणांस कोणते उत्तर मिळाले, हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णास अधिकार आहे, मग तो धर्मादाय पैशांवर आलेला असो वा नसो.

आता त्या भगिनींविषयी. मी दुसरा डॉक्टर पाहून दिला नाही. लिहून दिलेल्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करावयास लावल्या. आपल्या पत्राची मुदत संपली. गोळ्यांचा खर्च त्यांनी कसाबसा केला. जड गेला तो वारंवार कराव्या लागणाऱ्या रक्ततपासणीचा. त्यासाठी त्यांनी हातातली एक बांगडी मोडली, हे मला बऱ्याच उशिरा कळले. दोन-अडीच महिन्यांत नाडी ऐंशीवर आली. रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तयारी दाखविली, तेव्हा बाईच म्हणाल्या, “काका, आता मी गोळ्यांवरच राहून पाहते.” मधे एकदा ताप व घसादुखी झाली, सांगितलेले लक्षात ठेवून त्या त्याच सकाळी आल्या. सुदैवाने रक्त ठीक होते. अठरा महिन्यांनी गोळ्या थांबविल्या. आज दीड वर्ष झाले, प्रकृती उत्तम आहे. रोग उलटणार नाही असे वचन मी देऊ शकत नाही. म्हणून तपासणी चालूच आहे.

मंडळी, जे पैसे आपण त्या बाईंना देऊ केले त्यांची गरज पडली नाही, आणि ज्यांची गरज होती ते आपण दिले नाहीत. सुरीला साहाय्य आणि गोळीला नकार, असा हा आपला नियम. शल्यचिकित्सकांच्या नकाराला निदान कारण तरी होते. आपल्या नकाराला फक्त जुना ठराव होता.

म्हणून माझी विनंती दोनच कलमांची आहे. एक, मंजुरीपत्राची मुदत रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य झाल्याच्या डॉक्टरांच्या दाखल्यापासून मोजावी. दोन, त्याच निधीतून, पावत्या पाहून, दीर्घ आजाराच्या गोळ्या व रक्ततपासणी यांस वर्षभर मदत द्यावी व प्रतिवर्षी तिचा फेरविचार करावा. येत्या बैठकीत हा ठराव मी स्वतः मांडीन. पहिल्या नियमाखाली माझी सही आहे. तो बदलणाऱ्या ठरावाखालीही ती असावी, एवढीच या वयात इच्छा आहे.