रोज बाभुळगाव-यवतमाळ: इलेक्ट्रिक कार परवडते का?

बाभुळगावच्या एका शिक्षक श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता, आजचा भाग त्यावरच. त्यांची शाळा यवतमाळला, म्हणजे रोजचं येणं-जाणं पन्नासेक किलोमीटर. आईला महिन्यातून दोनदा सावंगी मेघेच्या दवाखान्यात न्यावं लागतं. आतापर्यंत शाळेला मोटरसायकल आणि दवाखान्याला भाड्याची गाडी असं चाललं. आता चारचाकी घ्यायचं ठरलंय, पण पेट्रोलची की इलेक्ट्रिक, यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. शोरूममध्ये त्यांना सांगितलं, किलोमीटरला एक रुपया खर्च येतो. हे खरं का, असं त्यांनी विचारलंय.

थेट उत्तर देतो. बाभुळगावच्या घरगुती मीटरवर एक रुपयात नाही भागत. पावणेदोन-दोन रुपये धरा. तरीसुद्धा त्यांच्यासाठी गाडी परवडू शकते. कशी, ते पाहू.

छोटी इलेक्ट्रिक कार धरू, टाटा टियागो ईव्हीसारखी, २४ युनिटची बॅटरी असलेली. कंपनीचा रेंजचा आकडा बाजूला ठेवा. आपल्या रस्त्यावर, एसी लावून, एका चार्जमध्ये १८०-१९० किलोमीटर मिळतात असं समजा. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, आणि बिल तिचंही येतं. म्हणून मीटरवर १०० किलोमीटरला साधारण १४ युनिट धरायचे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी हिशेब करताना बहुतेक जण सोडून देतात. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्याच्या वर. दर टप्प्याला युनिट महाग होत जातो. गाडीचे युनिट तुमच्या घराच्या युनिटच्या डोक्यावर जाऊन बसतात. पहिले स्वस्त शंभर युनिट पंखा, फ्रिज आणि टीव्हीने आधीच खाल्लेले असतात, त्यामुळे गाडीला स्वस्त वीज कधी मिळतच नाही. एक रुपयावालं गणित सात रुपये युनिट धरून केलेलं असतं. वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून १०१ ते ३०० च्या टप्प्यात मी १३ रुपये धरतो, ३०० च्या वर १८. दर बदलत राहतात, तेव्हा आपलं बिल काढून आकडे तिथून घ्या.

शाळेचे २२ दिवस म्हणजे ११०० किलोमीटर. सावंगीच्या दोन फेऱ्या, अडीचशेच्या वर. बाकी लग्नकार्य, बाजार. असे महिन्याला १५०० किलोमीटर झाले, म्हणजे २१० युनिट. घर १२० युनिट वापरत असेल, तर एकूण ३३०. गाडीचे १८० युनिट तेराने आणि ३० अठराने, असे २,८८० रुपये. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला, घराचेच २२० युनिट झाले, की गाडीची तीच वीज ३,३८० ला पडते. तीच गाडी, तेच अंतर, फक्त कूलरमुळे पाचशे रुपये जास्त!

पेट्रोलची तशीच छोटी कार लिटरला १७ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं, तर १५०० किलोमीटरला सव्वानऊ हजार होतात. म्हणजे महिन्याला सहा हजार तीन-चारशे वाचले.

आणि इलेक्ट्रिक गाडी महाग किती? ऑन-रोड तीन लाखांचा फरक धरतो. ईव्हीला महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ आहे आणि जीएसटी ५ टक्के, तरी बॅटरीमुळे किंमत चढतेच. हे जास्तीचे तीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाने घेतले तर हप्ता ६,२०० च्या आसपास येतो. बघा, जेवढे वाचले तेवढाच हप्ता. पाच वर्षं हिशेब बरोबरीत, खरी कमाई सहाव्या वर्षापासून. टियागो ईव्हीच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. वर्षाला १८ हजाराने आठ वर्षांत १ लाख ४४ हजार होतात, म्हणजे कमाईची तीन वर्षं वॉरंटीतच येतात. म्हणून सरांसाठी जमतं म्हणालो.

पण हेच गणित महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याला लावा. वाचतात सतराशे. तीन लाख वसूल व्हायला चौदा वर्षं, तीही व्याज न धरता. त्याने सरळ पेट्रोलची घ्यावी, नाहीतर जुनी चांगली गाडी शोधावी. पर्यावरणाचा मुद्दा मला मान्य आहे, पण घराचं बजेट मोडून त्याच्या नावाने गाडी घ्यायला मी कोणाला सांगणार नाही.

अजून एक, तरुण पोरांसाठी खास. ही बचत पेट्रोलच्या कारशी तुलना करून आहे. तुम्ही आज मोटरसायकलवर जात असाल, तर लिटरला ५० च्या हिशेबाने शाळेच्या ११०० किलोमीटरला २,३०० रुपये लागतात. इलेक्ट्रिक कारला त्याच अंतराला दोन हजाराची वीज. म्हणजे बाइकच्या पेट्रोलमध्ये कार फिरते, हे खरंच आहे, पण कारचा अख्खा हप्ता वरून येतो. 'पेट्रोल वाचवायला कार घेतली' असं म्हणणारा बाइकवाला स्वतःलाच फसवतोय, राजे हो.

आता प्रॅक्टिकल भाग. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचं अर्धं आयुष्य सोसायटीकडून चार्जरची परवानगी मिळवण्यात जातं. आपल्याकडे अंगण आहे, गाडी घराला लागून उभी राहते. आपली खरी परीक्षा वायरिंगची. सोबत मिळणारा चार्जर १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर तासन् तास तीनेक किलोवॅट ओढतो. कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डवर हे लावायचं नाही, बोर्ड वितळेल. मेन बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज, एवढं गाडी दारात येण्याआधी करून घ्या.

आणि अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पंखा-बल्बला काही फरक पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. रात्री दहाला लाल दिवा लागला की लोक म्हणतात गाडी बिघडली. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत चला.

लाइन जाते त्याचं काय? पन्नास किलोमीटरला लागतात सात युनिट, म्हणजे अडीच तासांचं चार्जिंग. रात्रभरात अडीच तास लाइन मिळतेच. डीपी जळाली आणि दोन दिवस गेले, तरी भरलेल्या बॅटरीत शाळेच्या तीन फेऱ्या होतात. भीती शाळेची नाही, दवाखान्याची आहे. सावंगी एका बाजूने साठ-सत्तर किलोमीटर. म्हणून घरात एक नियम करा: संध्याकाळी गाडी आली की लावायची, आणि रात्री निम्म्याच्या खाली बॅटरी कधी ठेवायची नाही. निम्म्यात सावंगी गाठता येतं. पेशंट दाखल झाला की परतीच्या चार्जिंगचं बघता येतं.

नागपूरची गोष्ट वेगळी. जाऊन-येऊन तीनशेच्या घरात, मध्ये एकदा चार्ज करावंच लागेल. फास्ट चार्जरवर तासभर धरा. युनिटचा दर घरच्यापेक्षा जास्त असतो, तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं. ॲपवर चार्जर दिसला म्हणून तो चालू आहे असं समजू नका. लोकांचे ताजे शेरे वाचा, दुसरा एक पर्याय ठेवा, आणि शोरूमच्या आवारातला असेल तर रात्री गेट उघडं असतं का, विचारा. धामणगावहून समृद्धीवर चढणार असाल तर वेग सांभाळा. पेट्रोल कार गावात जास्त पेट्रोल पिते, इलेक्ट्रिकचं उलटं, ती १०० च्या वर पळवली की बॅटरी झपाट्याने उतरते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी ठेवली आहे, तो फायदा आहेच.

सर्व्हिसिंगचा खर्च कमी असतो. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. टायर, ब्रेक, कूलंट आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी मात्र आहे. थर्ड पार्टी विम्याला ईव्हीला १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने एकूण विमा जास्तच येऊ शकतो. आणि बुकिंगआधी हे लेखी विचारा: बॅटरीचं काम यवतमाळात होतं की गाडी नागपूरला टो करून न्यावी लागते, आणि टोइंग कोणाच्या खर्चाने?

सरांच्या घराला स्लॅब आहे, म्हणून शेवटी सोलरबद्दल. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे. चांगल्या उन्हात ते महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं. घराचे १२० आणि गाडीचे २१० त्यात जवळपास बसतात. दिवसा गाडी यवतमाळला उभी, तेव्हा वीज ग्रिडला जाते आणि नेट मीटरवर जमा होते. रात्री आपण तीच परत घेतो. फक्त लाइन गेली की साधं सोलरही बंद पडतं, तेव्हा निम्म्या बॅटरीचा नियम सोलरवाल्यांनाही लागू.

सर, तुमचं मे महिन्याचं वीजबिल आणि शोरूमचं कोटेशन, दोन्हींचे फोटो पाठवा. कूलरच्या महिन्याचं बिल हवं, डिसेंबरचं नको.