वाळवंटी गुलाब आणि आपले वऱ्हाडी ऊन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला 'फुलझाडांचा छंद' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली गृहिणी. व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. परंतु गेली अकरा वर्षे मी आमच्या अमरावतीच्या घराच्या गच्चीवर अडेनियम, म्हणजे ज्याला वाळवंटी गुलाब म्हणतात ते झाड, कुंडीत वाढवून त्याला आकार देत आले आहे. तेव्हा बोलायचेच तर मी त्याच्याविषयी बोलेन.

याला आणखी एक कारण घडले. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या गच्चीवरच्या कुंड्या पाहून आपल्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी मला सरळ प्रश्न केला, "झाडाला तबकात कोंडायचे, कापायचे आणि खुजे ठेवायचे, याचे आपण बायकांनी कौतुक करावे का? खुजे ठेवणे म्हणजे काय ते आपल्याला सांगायला हवे का?" त्यावर शेजारच्या आजींनी पुस्ती जोडली, "खुजं झाळ घरात ठेवलं त घर वाळत नाही म्हनतात, बाई." दोन्ही बोलणी मला लागली, आणि दोन्हींना उत्तर देणे मला अवश्य वाटते. पण आधी झाडाची ओळख करून देते, म्हणजे उत्तर समजायला सोपे जाईल.

अडेनियम हे नावापुरतेच गुलाब. गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. ते आपल्या कण्हेरीच्या कुळातले आहे. सदाफुली आणि चाफाही त्याच कुळातले. त्याचे मूळ घर आफ्रिकेच्या कोरड्या भागात आणि अरबस्तानाच्या दक्षिणेला, येमेनकडे. पेटर फोर्स्कोल नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ तिकडे गेला होता. 1763 साली तिथेच त्याचा तापाने अंत झाला. त्याचे टिपण 1775 साली छापले गेले, त्यात त्याने या झाडाला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ होतो 'लठ्ठ कण्हेर'. मला तर हेच नाव आवडते. पुढे 1819 साली त्याला अडेनियम हे वेगळे नाव मिळाले, ते एडनवरून. एडन म्हणजे काही अगदीच परका मुलूख नव्हे. 1839 पासून 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे.

या झाडाचा बुंधा जमिनीलगत सुरणासारखा फुगतो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले होते, "काओ बाई, हे झाळ हाय का सुरन?" त्या फुगीर बुंध्यात झाड पाणी साठवते. पाऊस नसला तर पाने टाकून देते आणि त्या साठ्यावर महिनेच्या महिने काढते. उन्हाळा आला की गुलाबी, पांढरी, लाल फुले झुबक्यांनी येतात. आपल्या अमरावती-अकोल्याला पारा 45 अंशांच्या वर जातो. मोगरा मलूल होतो, गुलाब करपतो, आणि हे झाड फुलत राहते.

आता मातीविषयी. आपली वऱ्हाडची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण या झाडाला ती घातक आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. अडेनियमची मुळे ओलीत राहिली की सडतात. म्हणून मी दोन भाग जाड, धुतलेली रेती, एक भाग विटांचे बारीक खडे आणि एक भाग जुने, चांगले कुजलेले शेणखत घेते. मूठभर निंबोळी पेंडही घालते. हे सगळे चाळणीने चाळून त्यातली धूळ काढून टाकावी, कारण पाण्याची वाट तीच बुजवते. कुंडी मातीची, पसरट आणि खाली मोठी छिद्रे असलेली असावी. पाणी घातले की ते लगेच खालून गळले पाहिजे.

पाणी किती, हा प्रश्न मला सगळ्या विचारतात. माझा नियम बोटाचा. बोट दोन पेरे मातीत घालावे. कोरडे लागले तर पाणी, ओल लागली तर नाही. उन्हाळ्यात लहान कुंड्यांना एक-दोन दिवसांआड पाणी लागते. पावसाळ्यात माझ्या कुंड्या पत्र्याखाली असतात. थंडीत पाने गळतात, तेव्हा झाड मेले असे समजून त्यावर पाण्याचा मारा करू नये. ते झोपलेले असते; दहा-बारा दिवसांनी थोडेसे पाणी पुरते.

बुंधा अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय ठेवावी. तो टणक असेल तर ठीक. मऊ लागला तर घाबरून न जाता माती पाहावी. माती कोरडी आणि बुंधा मऊ, तर झाड तहानलेले आहे. पाणी दिले की दोन-चार दिवसांत भरून येते. माती ओली आणि बुंधा मऊ, तर आत सड आहे. मग झाड उपटावे, मुळे धुवावीत, आणि धारदार, पुसलेल्या सुरीने तपकिरी भाग आतला पांढरा टणक गर लागेपर्यंत कापून काढावा. त्यावर हळद किंवा बुरशीनाशक पूड लावून झाड आठ दिवस सावलीत तसेच उघडे ठेवावे आणि मग कोरड्या मातीत लावावे. मातीशिवाय आठ दिवस ठेवायचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण या झाडाला ते सोसते.

आता आकाराविषयी. बोन्साय हा जपानी शब्द; 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. ही कला चीनमधून जपानात गेली. अडेनियमला असा आकार देण्याचे काम थायलंड आणि तैवानमध्ये फार पुढे गेले आहे. मी करते ते अगदी घरगुती आहे.

रोप बियांपासून केलेले असावे. फांदी लावून झाड होते, पण त्याचा बुंधा बियांच्या रोपासारखा गोल भरत नाही. शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात. पिकायला आल्या की त्यांना दोरा गुंडाळून ठेवावा, नाहीतर शेंग उकलते आणि बिया वाऱ्यावर जातात, कारण प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमासारखे केस असतात. फाल्गुन-चैत्रात बी आडवे टाकून वर पातळ रेती पसरली की आठवड्याच्या आत उगवते. पहिले फूल यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. बियांच्या झाडाला आईचाच रंग येईल अशी खात्री नसते. रंग हवा असेल तर त्यावर कलम करावे लागते.

रोप पाच-सहा महिन्यांचे झाले, आणि तेव्हा थंडी किंवा पाऊस नसला, की ते उपटून त्याचे सोटमूळ आडवे कापते. जखम सावलीत आठवडाभर सुकू देते. मग कुंडीत कौलाचा चपटा तुकडा ठेवून त्यावर रोप बसवते. खाली जायला वाट नसल्यामुळे नवी मुळे चोहोबाजूंनी पसरतात. पुढे दर वर्षी, महाशिवरात्रीनंतर थंडी सरली की, झाड काढून नव्या मातीत पूर्वीपेक्षा बोटभर वर लावते. उघडी पडलेली मुळे उन्हाने आणि वाऱ्याने खोडासारखी होतात. पाच-सहा वर्षांनी झाड जणू आपल्या पायांवर उभे राहिल्यासारखे दिसते.

त्याच वेळी फांद्या दोन-तीन इंच ठेवून छाटाव्यात. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फुटवे येतात, आणि फूल फांदीच्या टोकालाच येत असल्यामुळे जितकी टोके तितकी फुले. पावसाळ्यात मात्र कात्री लावू नये.

कीड फार नसते. कोरड्या उन्हात पानांखाली लाल कोळी येतो, तेव्हा पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा फवारा मारावा. पिठ्या ढेकूण आला तर शेतात कपाशीवर फवारतात तोच निंबोळी अर्क चालतो. पावसाळ्यात कधी एक मोठी हिरवी अळी दिसते, डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखी; कण्हेरीवर असते तीच. ती एका रात्रीत पाने फस्त करते. हाताने उचलून टाकली की काम झाले.

एक गोष्ट फार काळजीने ऐका. या झाडाचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत शिकारी तो बाणाच्या टोकांना लावीत आले आहेत, आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. तेव्हा छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळे चोळू नयेत, आणि साबणाने हात धुतल्याखेरीज कणकेला हात लावू नये. रांगते मूल किंवा शेळी पोचेल अशा जागी कुंडी ठेवू नये.

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे येते. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ज्या वडाखाली गाव बसायचा तो वड तबकात मावेल एवढा ठेवायचा, हे माझ्याही हातून व्हायचे नाही. ज्यांना त्यात कला दिसते त्यांच्याशी माझे भांडणही नाही. पण अडेनियमची गोष्ट निराळी आहे. ते त्याच्या मुलखातही खडकांच्या फटीत, ठेंगणे आणि जाडच वाढते. त्याला खुजे करावे लागत नाही. मी त्याला तारेने जखडत नाही, उपाशी ठेवत नाही, आणि दर वर्षी जुन्यापेक्षा थोडी रुंद कुंडी देते. कापते, हे खरे. कापणे ते कापणेच. पण शेतात तुरीचे शेंडे खुडतात ते तिला फांद्या फुटाव्यात म्हणून, आणि या झाडाचेही तसेच आहे. माणसाला खुजे ठेवणाऱ्याचा डोळा त्याने वाढू नये यावर असतो. मी दर शिवरात्रीला पट्टी लावून बुंध्याचा घेर मोजते आणि तो वाढला की मला आनंद होतो.

आजींना मी एवढेच सांगते, की ही झाडे आल्यापासून आमच्या थोरलीचे शिक्षण पुरे झाले आणि घरावर एक खोली चढली. ती झाडांमुळे चढली असे मी म्हणत नाही. झाडांमुळे अडलीही नाही.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तेही सांगून टाकते. माझे माहेर अकोला जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. माझ्या मायला फुलांची फार आवड, पण पिण्याचे गोडे पाणी लांबून डोक्यावर आणायचे, ते फुलझाडाला घालणे तिला पाप वाटे. अंगणात तुळस आणि एक कण्हेर, याखेरीज काही तगले नाही. आम्ही शाळेत जाताना वेणीत माळायला फूल मागितले की ती गप्प बसत असे. वडील गेल्यावर ती तिथेच राहिली. चार वर्षांपूर्वी मी तिच्या ओट्यावर तीन अडेनियम नेऊन ठेवली. पावसाचे पाणी ती पत्र्यावरून पिंपात धरते आणि त्यातले तांब्याने मोजून झाडांना घालते. गेल्या चैत्रात तिन्ही फुलली. शेजारणी पाहायला आल्या, त्यांना तिने चहा केला, आणि पंचाहत्तरीच्या माझ्या मायने मला फोनवर विचारले, "पोरी, याचं बी कधी धराव लागते?" ती आता दुसऱ्यांना रोपे देणार आहे.

भगिनींनो, आपल्या भागात पाणी जपूनच वापरावे लागते. अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे धरण असले तरी उन्हाळ्यात हंडे भरून ठेवण्याची सवय कुणाची सुटली आहे? त्यामुळे कित्येक घरांत फुलझाड ही चैन समजली जाते, आणि चैनीचा पहिला त्याग घरातली बाईच करते. हे झाड फार थोडे मागते. दोन वीत जागा, सहा तास ऊन आणि तांब्याभर पाणी.

माझ्याकडे या वर्षी बियांची चाळीसएक रोपे तयार आहेत. मंडळाच्या सभासदांना आणि शेजारणींना ती एकेक नेता येतील, पैसे नकोत. फक्त घरून मातीची कुंडी आणावी, आणि पुढच्या वर्धापनदिनाला झाड कसे आहे ते मला दाखवावे. सडले तरी घेऊन या, आपण मिळून कापून पाहू. शिक्षिकाबाईंसाठी एक रोप मी वेगळे काढून ठेवले आहे.