ठेव आणि विश्वस्त

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूस सुटीसाठीं जातांना खोली आगाऊ ठरविण्याकरितां मोबाईलवरून आधार कार्डाचें छायाचित्र पाठवावें लागतें, हें आपणांस नवें नाहीं. सुटी दोन दिवसांत संपते. छायाचित्र मात्र परक्याच्या यंत्रांत राहतें. त्याचा धनी कोण?

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. पुढें न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या समितीनें २०१८ सालीं एका जुन्याच कल्पनेचा आधार घेतला : माहिती घेणारा तिचा मालक नव्हे, विश्वस्त होय, देवस्थानाचे दागिने विश्वस्तांच्या हातीं असतात, तसें. २०२३ च्या कायद्यानें हीच दृष्टि ठेविली. संमति घ्यावी, तिची सूचना मराठींतहि वाचावयास मिळावी, काम सरलें व इतर कायद्याची अट नसली म्हणजे माहिती पुसून टाकावी. कसूर झाल्यास दंड २५० कोटि रुपयांपर्यंत. गंमत अशी कीं, निव्वळ कागदावर राहिलेली प्रत या कायद्याच्या कक्षेंतच येत नाहीं!

मला खटकतें तें निराळेंच. खोलीवाल्यास ही शिस्त लावणारें केंद्र सरकार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठीं आपल्या एखाद्या यंत्रणेस अधिसूचनेनें यांतून मोकळें करूं शकतें. २०१९ च्या विधेयकांतील अशाच सवलतीवर स्वतः श्रीकृष्णांनीं कडक टीका केली होती. तरी ती सवलत टिकली. नोव्हेंबर २०२५ मध्यें नियम निघाले व मुख्य कर्तव्यांस १८ महिन्यांची मुदत मिळाली. तूर्त खोलीवाल्यास एवढें विचारावें : आधाराचे पहिले आठ अंक झांकलेली प्रत चालेल काय?