परदेशप्रवास आणि भ्रमणध्वनीचे देयक



परदेशगमन ही एके काळी मूठभर लोकांची मिरास होती. आज ती स्थिती पालटली आहे. राज्याच्या कृषी विभागाच्या योजनेतून शेतकरी देशाबाहेरील अभ्यास दौऱ्यांवर जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या आधारे अनुसूचित जातींतील विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत शिकतात. दरवर्षी मुंबईहून हज यात्रेकरू प्रस्थान ठेवतात. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीला आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार झाला. अशा रीतीने गावोगावचा माणूस आता सातासमुद्रापलीकडे पोहोचू लागला आहे.

या प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन असतो. विमानाचे तिकीट, बँकेचा व्यवहार, नकाशा, घरच्यांची ख्यालीखुशाली असे सारे काही त्याच एका यंत्रावर अवलंबून असते. मात्र परदेशाच्या भूमीवर पाऊल ठेवताच या यंत्राच्या वापराचा हिशेब पूर्णपणे बदलतो. ज्याला याची कल्पना नसते, त्याच्या हाती परतल्यावर मोठे देयक पडते. शिष्यवृत्तीवर महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा पोटाला चिमटा घेऊन परदेशी गेलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा फटका लहान नाही. म्हणूनच हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रोमिंग म्हणजे काय?

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. एका कंपनीच्या ग्राहकाला परक्या देशातील दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यांवरून सेवा मिळावी, यासाठी कंपन्या आपापसांत करार करतात. या सोयीस रोमिंग असे म्हणतात.

प्रत्येक सिमकार्डात एक ओळख क्रमांक साठविलेला असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश दर्शवितात. भारताचे आकडे ४०४ व ४०५, जर्मनीचे २६२, तर स्वित्झर्लंडचे २२८. भारतीय सिम असलेला फोन जर्मनीत सुरू झाला की तेथील जाळे हा क्रमांक वाचते, भारतातील मूळ कंपनीकडे चौकशी करते आणि होकार मिळताच सेवा देऊ लागते. वापराची नोंद मागाहून मूळ कंपनीकडे येते. परदेशी कंपनीचा आकार व मूळ कंपनीचा आकार यांची बेरीज ग्राहकाच्या माथी पडते. एका देशाचा नियामक दुसऱ्या देशातील कंपनीचे दर ठरवू शकत नाही. हे दर चढे राहण्यामागे ते एक मोठे कारण आहे.

येणारा कॉल फुकट असतो, ही समजूतही परदेशात लागू पडत नाही. गावाहून मुलाला फोन लावणारा बाप भारतातीलच क्रमांक फिरवितो आणि त्याला भारतातीलच दर पडतो. परंतु तो कॉल भारतातून पुढे परदेशात पोहोचविला जातो व त्या पुढच्या टप्प्याचा आकार मुलाला सोसावा लागतो. न उचललेले कॉल ध्वनिसंदेश पेटीकडे वळविण्याची सोय चालू असेल, तर तोच कॉल परदेशात जाऊन पुन्हा भारतात परततो आणि न बोलताही आकार लागू शकतो. ही सोय निघण्यापूर्वी बंद करून घेणे इष्ट.

देयक फुगते कसे?

बोलण्याचा खर्च माणसाच्या ध्यानात येतो, कारण तो स्वतः बोलत असतो. इंटरनेटचा, म्हणजेच डेटाचा खर्च मात्र नकळत होतो. फोन टेबलावर पडून असला तरी त्यातील ॲप अद्ययावत होत असतात, छायाचित्रे दूरच्या साठवणीत चढत असतात, समूहांतून आलेल्या चित्रफिती आपोआप उतरत असतात.

एक साधा हिशेब पाहू. समजा, पॅक न घेता वापरलेल्या डेटाचा दर एका एमबीला १०० रुपये आहे. तीन एमबीचे एक छायाचित्र घरी पाठविले, तर ३०० रुपये झाले. रात्री झोपेत एखादे २०० एमबीचे ॲप अद्ययावत झाले, तर २०,००० रुपये झाले. एका जीबीत १,०२४ एमबी असतात, हे लक्षात घेतले म्हणजे भारतात स्वस्त डेटाची सवय झालेला हात परदेशात किती महाग पडू शकतो, याची कल्पना येईल. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक संपली की सेवा थांबते. पोस्टपेड ग्राहकाचे देयक मात्र साठत जाते, आणि परदेशातील नोंदी उशिरा येत असल्यामुळे प्रवासाच्या दरम्यान त्याचा पत्ताही लागत नाही.

सीमेवरील धोका

युरोपीय संघाने या प्रश्नावर कायद्याने तोडगा काढला. २००७ पासून तेथे रोमिंगच्या दरांवर मर्यादा येत गेल्या आणि १५ जून २०१७ पासून संघातील एका देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात, वाजवी वापराच्या मर्यादेत, घरच्याच दराने वापरता येऊ लागले. २०२२ साली या नियमांची मुदत २०३२ पर्यंत वाढविण्यात आली. परंतु येथे दोन गोष्टी स्पष्टपणे ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, हा लाभ तेथील सिमकार्डांना आहे, भारतीय सिमकार्डाला नाही. दुसरी ही की, स्वित्झर्लंड हा देश या व्यवस्थेत नाही, आणि २०२१ च्या प्रारंभापासून ब्रिटनही तिच्या बाहेर आहे.

अभ्यास दौऱ्याची बस जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरते, तेव्हा शेन्गेन व्यवस्थेमुळे पारपत्र सहसा तपासले जात नाही. प्रवाशांना देश बदलल्याचे जाणवतही नाही. फोनला मात्र ते तत्काळ कळते, आणि जर्मन सिमचा घरचा दर तेथे संपुष्टात येतो. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या दक्षिण टोकाला, बोडन्झे सरोवराकाठी कोन्स्टान्स हे शहर आहे. त्याला लागूनच स्विस हद्द सुरू होते. लहरींना सीमा ठाऊक नसते. जर्मन भूमीवर उभ्या असलेल्या माणसाचा फोनही तेथे पलीकडच्या स्विस मनोऱ्याला जोडला जाऊ शकतो. अशा ठिकाणी फोनमध्ये जाळ्याची आपोआप निवड बंद करून जर्मन कंपनीचे नाव स्वतः निवडणे, हा खात्रीचा उपाय होय.

जहाजावर व विमानात उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी स्वतंत्र जाळी असतात. त्यांचे दर जमिनीवरील दरांहून कितीतरी अधिक असतात आणि नेहमीच्या पॅकमध्ये ती बहुधा धरलेली नसतात. विमानात फोन फ्लाइट मोडवर ठेवण्याचा नियम खिशाच्याही हिताचा आहे.

तीन मार्ग

परदेशात फोन वापरण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मूळ कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेण्याचा. आठ-दहा दिवसांच्या दौऱ्यास तो सोयीचा पडतो, कारण क्रमांक तोच राहतो. मात्र पॅक घेताना काही गोष्टी तपासाव्यात. पॅकच्या यादीत कोणते देश आहेत? त्या देशातील कोणत्या कंपन्यांची जाळी धरली आहेत? मुदत कोणत्या क्षणापासून मोजली जाते? डेटा संपल्यावर सेवा थांबते की सुटा दर लागू होतो? वाटेत विमान बदलण्यासाठी दुबई किंवा दोहा येथे काही तास थांबायचे असेल, तर तो देशही यादीत आहे काय, हे पाहण्यास पुष्कळजण विसरतात.

दुसरा मार्ग त्या देशातील सिम विकत घेण्याचा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महिनोन्‌महिने राहणाऱ्यास हाच मार्ग परवडतो. परदेशी कंपन्यांची सिमकार्डे भारतातही विकली जातात. त्यासाठी विक्रेत्याने दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतलेले असावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या धोरणानुसार अशा विक्रेत्याने ग्राहकसेवा, दरांची माहिती व तपशीलवार देयक देणे आवश्यक आहे. पावती न देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे, हे उत्तम.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड बदलावे लागत नाही. फोनच्या आतील चकतीवरच नव्या कंपनीची नोंद उतरविली जाते. भारतीय सिम जागच्या जागी ठेवून डेटासाठी ई-सिम वापरता येते. फोन ई-सिमला योग्य आहे का आणि तो कोणत्या एका कंपनीशी बांधलेला नाही ना, याची खात्री आधी करावी. दोन सिम असताना एकाचा डेटा क्षीण झाला की आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय काही फोनमध्ये असते. ती बंद ठेवली नाही, तर स्वस्त ई-सिम घेऊनही भारतीय सिमचा महाग डेटा खर्ची पडतो.

निघण्यापूर्वीची तयारी

प्रवासाच्या आदल्या दिवशी घरच्या वाय-फायवर बरीच कामे उरकता येतात. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद करावे. ॲप अद्ययावत होणे, छायाचित्रांची आपोआप साठवण आणि चित्रफिती आपोआप उतरणे या तिन्ही गोष्टी केवळ वाय-फायपुरत्या मर्यादित ठेवाव्यात. वाय-फाय मंद झाल्यास मोबाइल डेटाकडे वळण्याची सोय बंद करावी. जाण्याच्या शहरांचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. स्थान दाखविणारी जीपीएस यंत्रणा उपग्रहांच्या संकेतांवर चालते. नकाशा हाताशी असल्यास तिला डेटाची गरज लागत नाही. तिकिटे, विम्याचा कागद आणि निवासाचे पत्ते फोनमध्ये व कागदावरही असावेत.

विमानतळ व उपाहारगृहांतील मोफत वाय-फाय घरच्यांशी बोलण्यास उपयोगी असते. त्यावरून बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

फोन बंद ठेवणे हा उपाय नव्हे

देयकाच्या धास्तीने कित्येकजण परदेशात फोन बंद करून ठेवतात किंवा भारतीय सिम काढून पेटीत टाकतात. ही काटकसर अंगाशी येऊ शकते. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. कार्डाचा गैरवापर झाल्याची सूचना त्याच क्रमांकावर येते. यात्रेत एखादा वृद्ध चुकला तर त्याला शोधण्याचे साधनही तोच फोन असतो. भारतीय सिम चालू ठेवून फक्त त्याचा डेटा बंद ठेवला, तर ओटीपीचे संदेश मिळत राहतात. त्यासाठी निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे लागते आणि संदेश येण्यास आकार आहे काय, हे कंपनीकडून विचारून घ्यावे लागते. युरोपीय संघात संकटकाळी ११२ हा क्रमांक विनामूल्य लागतो. भारतातही संकटकाळचा क्रमांक तोच असल्याने तो लक्षात ठेवणे अवघड नाही.

देयक चुकीचे आले तर

परतल्यावर आलेले देयक मान्य नसेल, तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ही द्विस्तरीय व्यवस्था भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिली आहे. पॅक घेतल्याचा संदेश, दरांची माहिती आणि प्रवासाच्या तारखा जपून ठेवल्या असतील, तरच या तक्रारीला बळ येते.

गावाचा वाटा

हे ज्ञान शहरातील पदवीधरापाशी असून भागणार नाही. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या शेतकऱ्याला, कामगाराला किंवा यात्रेकरूला ते कोणी तरी समजावून दिले पाहिजे. अभ्यास दौऱ्यापूर्वी होणाऱ्या बैठकीत पारपत्र, विमा व हवामान यांच्या जोडीला भ्रमणध्वनीचा अर्धा तास ठेवता येईल. शिक्षकांना माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने पालकांचे फोन तपासून देता येतील. पंचायत सदस्यांना गावातून बाहेर जाणाऱ्यांपर्यंत चार सूचनांचा एक कागद पोहोचविता येईल. यास मोठा निधी लागत नाही. थोडी आस्था पुरते.

परदेशी गेलेला माणूस आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले घर यांना जोडणारा धागा आज या लहानशा यंत्रातून जातो. तो खर्चाच्या भीतीने तुटू नये आणि अज्ञानामुळे कर्जाचे कारणही होऊ नये. निघण्यापूर्वी घरी बसून घेतलेली तासाभराची काळजी या दोन्ही गोष्टी साधून देते.