घन का कलंडतो?

भूमितीच्या पुस्तकात घन आणि चतुष्फलक यांची चित्रं शेजारी शेजारी असतात, दोन्ही सारखीच भक्कम. तेच आकार काड्यांचे करून मुलांच्या हाती द्या. चतुष्फलक दाबला तरी जागचा हलत नाही. घन मात्र बोट लावताच कलंडून चपटा होतो. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बंद घनात हे कधीच कळत नाही, म्हणून मुलांनी स्वतः केलेल्या प्रतिकृतींचा मला आग्रह धरावासा वाटतो.

आपल्याकडे ही काड्यांची भूमिती रुजवली अरविंद गुप्ता यांनी. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन ते 1978 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सामान काय, तर सायकलची व्हॉल्व्हट्यूब आणि आगकाड्या. काडीचा गूल खरवडायचा, नळीच्या तुकड्याला मधोमध काट्यानं भोक पाडायचं, दोन काड्या दोन टोकांत आणि तिसरी भोकात. असे चार सांधे, सहा काड्या, झाला चतुष्फलक!

कलंडलेला घन उभा करायचा कसा? मुलं कर्णावर काडी लावू पाहतात आणि ती पुरत नाही. कड 5 सेंटिमीटर असेल, तर कर्णाला 7 हून किंचित जास्त लागतात. खराट्याचा हीर मोजून कापताना 2 चं वर्गमूळ हाताशी येतं. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर येण्याआधी ही अडचण वर्गात यावी, असं मला मनापासून वाटतं.

एका कर्णानं भागत नाही, पाचांनीही नाही. सहाही पृष्ठांवर कर्ण बसले की घन ताठ होतो. 12 कडा आणि 6 कर्ण, म्हणजे 18 काड्या. हा आकडा येतो कुठून? प्रत्येक शिरोबिंदूला हलायला तीन दिशा. आठ शिरोबिंदूंच्या 24. त्यातून अख्खा घन सरकण्याचे तीन आणि फिरण्याचे तीन प्रकार वजा करा, उरतात 18. फ्रेंच गणिती कोशी यानं 1813 मध्ये सिद्ध केलं, की बहिर्वक्र बहुफलकाची पृष्ठं ताठ असली, तर कडांना बिजागऱ्या असूनही त्याचा आकार बदलत नाही. काड्यांचा त्रिकोण मुळातच ताठ असतो, चौकोन नसतो; म्हणून घनाला कर्ण लागतात.

वीस त्रिकोणांचा विंशतिफलक याच हिशेबात बसतो: 12 सांधे, 30 काड्या. बारा पंचकोनांच्या द्वादशफलकालाही 30 च काड्या, पण सांधे 20. ताठ व्हायला त्याला हव्यात 54. उरलेल्या 24 काड्या कुठे बसवायच्या, हे शिक्षकांनी नववीच्या वर्गाला जरूर विचारावं.